डेन्मार्कमध्ये सायकलवरून डावीकडे वळताना

कोपनहेगनला नवीन आला असाल आणि सायकल घेतली असेल तर हे एवढं नक्की लक्षात ठेवा, चौकात डावीकडे वळायचं असलं तरी गाड्यांसारखं मधल्या लेनमध्ये घुसायचं नाही, सायकलला तशी परवानगीच नाहीये. उजव्या कडेने सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि तिकडचा सिग्नल मिळाला की मग डावीकडे. थांबायच्या आधी हात वर करा, प्लीज, मागचे लोक बऱ्यापैकी स्पीडमध्ये असतात. ओव्हरटेक डावीकडून. बसमधून माणसं थेट सायकल ट्रॅकवर उतरत असतील तर थांबायचं आपणच, हा नियम मला फार आवडतो. आणि अंधारात पुढे पांढरा, मागे लाल लाईट हवाच.