मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाताने कसे पाडायचे

उदाहरणाला १,२३,४५,६७,८९० घेऊ. कागद, पेन, फारतर साधा कॅल्क्युलेटर, बस.

शेवटी शून्य आहे म्हणजे २ आणि ५ निघाले. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ पण निघाला. उरले १,३७,१७,४२१. याची बेरीज २६, ३ चा विषय संपला.

७, ११, १३ वेगवेगळे तपासत बसू नका. तिघांचा गुणाकार १००१ येतो, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे आणि आलटूनपालटून वजा-अधिक करायचं: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही. पण आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम आधी पुसून टाका, ते गट धरून केलंत तर उत्तर चुकणारच.

आता खरी अडचण, मीपण इथेच अडकायचो. सगळीकडे सल्ला एकच, वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देत जा. अहो, वर्गमूळ ३७०३ च्या वर आहे, म्हणजे पाचशेहून जास्त भागाकार! सल्ला चुकीचा नाही पण हाताने करणाऱ्याला देण्यासारखाही नाही. माझं मत स्पष्ट आहे, शंभरपर्यंत बघा (इथे काही लागत नाही) आणि मग फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत घ्या. त्याने १६४३ च्या सुमारास याच रीतीने २,०२,७६,५१,२८१ चे ४४,०२१ आणि ४६,०६१ असे अवयव पाडले होते.

कल्पना एवढीच की संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडता आली की अवयव आयते मिळतात, कारण a² − b² = (a − b)(a + b). वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ३७०४, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की २१९५. हा वर्ग आहे का? नाही, ५ वर संपणारा वर्ग कायम २५ वर संपतो. पुढे ३७०५, पण परत वर्ग काढू नका, २१९५ मध्ये ३७०४ + ३७०५ मिळवा, झाले ९६०४. आणि हा ९८ चा वर्ग! म्हणजे ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन पायऱ्यांत काम झालं.

मात्र दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही पद्धत पळते. लांब असतील तर पायऱ्या संपता संपत नाहीत, दहा-पंधरा करून काही हाती लागलं नाही तर सरळ भागाकाराकडे परत या, हट्ट करू नका.

आणि मिळालेले अवयव मूळ आहेत असं गृहीत धरू नका, ही पायरी फार लोक गाळतात. ३६०७ साठी ५९ पर्यंत आणि ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. दोन्ही मूळ निघतात.

म्हणजे २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३. विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: २ × ३ × २ × २ × २ = ४८.