‘परवानाधारक’ नेमका कोण? लिहिताना, अर्ज भरताना या चुका टाळा

एप्रिल २०२१मध्ये कोरोनाचे निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरच्या एका काकांनी लगेच खिशातून लायसन्स काढलं. “हा काय माझा परवाना!” कार्डाच्या कडा झिजलेल्या, फोटो पुसट झालेला. गाडी मात्र मालकाची, काका शिफ्टवर चालवणारे. मदत होती परमिट ज्याच्या नावावर आहे त्याला. त्यांना हे सांगताना माझ्याच पोटात कालवलं.

घोळ इथेच होतो. आरटीओच्या मराठीत गाडी चालवण्याचं लायसन्स म्हणजे ‘अनुज्ञप्ती’. शिकाऊ अनुज्ञप्ती, पक्की अनुज्ञप्ती असं तिथे लिहिलेलं दिसतं. भाड्याने प्रवासी नेण्यासाठी गाडीला लागणारं परमिट म्हणजे ‘परवाना’. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही दोन्ही वेगळे आहेत: कलम ३ लायसन्सचं, कलम ६६ परमिटचं. रिक्षावाल्याला शिवाय बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवण्यासाठी चालकाला मिळणारा बिल्ला लागतो, तो या दोन्हींहून वेगळा. बोलताना आपण लायसन्सलाही परवाना म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. पण अर्जात ‘अनुज्ञप्ती क्रमांक’ आणि ‘परवाना क्रमांक’ असे दोन रकाने असतील, तर एकच नंबर दोन्हीकडे लिहू नका. दुसऱ्यात परमिटचाच नंबर हवा. एकच रकाना असेल आणि शंका आली, तर खिडकीवर विचारूनच भरा.

‘परवानाधारक डॉक्टर’ असंही सर्रास छापून येतं. डॉक्टर नोंदणीकृत असतो, वकिलाकडे सनद असते. मेडिकलच्या दुकानाला परवाना असतो, तिथला फार्मासिस्ट मात्र नोंदणीकृत.

लिहिताना ‘परवाना धारक’ असं तोडू नका, शब्द एकच आहे. ‘अनुज्ञप्ती’ सुटा असताना दीर्घ, पण समासात ‘अनुज्ञप्तिधारक’, ‘शक्तिपीठ’सारखा ऱ्हस्व. बाई असो वा पुरुष, एक असो वा अनेक, ‘परवानाधारक’ तसाच राहतो.

बातमी किंवा सूचना लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लाभ फक्त परमिटवाल्यांना असेल तर ‘रिक्षा परमिट स्वतःच्या नावावर असलेले’ असं सरळ लिहा, आणि शिफ्टवाल्यांनाही मिळणार असेल तर तेही पहिल्याच ओळीत सांगा.