पाठ टेकल्यानंतर काय पाहावे : कुस्तीच्या नजरेने डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी

कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनाची नजर एकाच क्षणासाठी तयार झालेली असते. खासबागेच्या उतरत्या बैठकीवर बसून, हलगीच्या ठेक्यावर खडाखडी, म्हणजे मल्लांची उभ्याने चाललेली झटापट, पाहत असताना तो खरे तर वाट पाहत असतो ती पाठीला माती लागण्याची. ती लागली की कुस्ती निकाली, पंचाने काही सांगण्यापूर्वीच निम्मे मैदान उठून उभे राहिलेले असते. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये युरोपचा प्रवास केला, तेव्हा रोममधील प्राचीन आखाडा त्यांच्या मनात भरला आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, ते कोणत्याही कोपऱ्यातून हा क्षण प्रत्येकाला दिसावा अशाच रचनेचे. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती (डब्ल्यूडब्ल्यूई) किंवा ठोसे, लाथा, पकडी सारे चालणारे मिश्र मार्शल आर्ट्स (यूएफसी) पाहायला बसताना आपण हीच नजर घेऊन बसतो, आणि त्यामुळे एकीला खोटी व दुसरीला रानटी ठरवून मोकळे होतो. माझ्या मते ही नजर टाकून देण्याचे कारण नाही. पाठ टेकल्यावर त्या त्या खेळात काय होते, एवढे मात्र नव्याने शिकावे लागते.

सुरुवात यूएफसीपासून करावी, कारण तिथे आपली फसगत अधिक होते. आमच्या थोरल्या काकांनी तरुणपणी तालमीत काही वर्षे काढलेली आहेत. त्यांना मी एकदा डिसेंबर 1994 मधील रॉइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची यूएफसीतील जुनी लढत दाखवली. सेव्हर्न कसलेला कुस्तीगीर, वजनाने कितीतरी भारी. त्याने ग्रेसीला उचलून मागे आपटले, तसे काका म्हणाले, ‘‘झालं की! पाठ लागली, उठीव त्याला.’’ आणि ते पायात चपला घालू लागले. लढत मात्र चालूच राहिली. ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली, त्यातला बहुतेक वेळ ग्रेसी खालीच होता, आणि अखेरीस त्याने खालूनच आपले दोन्ही पाय सेव्हर्नच्या मानेभोवती व एका हाताभोवती आवळून असा त्रिकोणी फास घातला की, वर असलेल्या सेव्हर्नलाच थापटून हार मानावी लागली. काका एका पायात चपल घालून तसेच उभे होते. ‘‘आरं, खालचा कसा काय जितला?’’

या प्रश्नाचे उत्तर कळले की निम्मा खेळ कळतो. यूएफसीच्या लढती जाळीच्या पिंजऱ्यात होतात, आणि तिथे पाठ टेकणे ही हार नसून एक जागा असते. खालच्याचे पाय कुठे आहेत ते आधी पाहावे. ते वरच्याच्या कमरेभोवती असतील, तर खालचा अजून शाबूत आहे. त्याला फास घालता येतो, हात पिरगाळता येतो, निदान वरच्याला अंतर घेऊन ठोसे मारण्यापासून रोखता येते. वरच्याने ते पाय ओलांडून छातीवर बैठक मारली, की मात्र खालच्याचे दिवस भरले असे समजावे. म्हणून एकेरी किंवा दुहेरी पट काढल्यावर, म्हणजे समोरच्याचा एक वा दोन्ही पाय धरून त्याला पाडल्यावर, टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण नजर लगेच पायांकडे वळवावी. ब्रॉक लेस्नरसारख्या राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेत्या कुस्तीगिराने फेब्रुवारी 2008 मध्ये फ्रँक मीरला क्षणात खाली घेऊन ठोशांनी झोडपले, आणि अवघ्या दीड मिनिटात त्याच मीरने त्याचा गुडघा पकडून त्याला हार मानायला लावली. जुलै 2009 मधील परतीची लढत याच्यासोबतच पाहावी. त्या वेळी लेस्नर घाई न करता मीरला अंगाखाली दाबून धरतो आणि दुसऱ्या फेरीत जिंकतो.

दुसरी गोष्ट आपल्या मल्लांच्या सवयीशी थेट भिडणारी आहे. मातीत पाठ वाचवायची म्हणजे पालथे पडायचे. जमिनीला चिकटून राहिलेल्या पैलवानाला उलटवण्यात वरच्याचा दम निघतो. 1910 मध्ये लंडनला झिबिस्को हा पोलिश मल्ल गामा पैलवानापुढे दोन तासांहून अधिक काळ बहुतांशी असाच पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली; 1928 मध्ये पतियाळाला मात्र गामाने त्याला मिनिटभराच्या आतच अस्मान दाखवले. पिंजऱ्यात हा बचाव सर्वांत घातक ठरतो, कारण पालथा पडलेला माणूस आपली मान पाठीमागच्याच्या हाती देतो, आणि गळ्याखालून एकदा हात गेला की पुढे काही सेकंदांचाच प्रश्न उरतो. 2018 मध्ये खबीब नूरमागोमेदोवने कॉनर मॅकग्रेगरला चौथ्या फेरीत संपवले ते पाठीवर ताबा मिळवून मान आवळूनच. एकही लढत न हरता, 29 विजयांनिशी 2020 मध्ये निवृत्त झालेल्या या मल्लाच्या लढती कोल्हापूरकराला सर्वाधिक जवळच्या वाटतील, असे मला वाटते, कारण त्यात ठोशांपेक्षा पकड बोलते.

गुणांबाबत थोडक्यात सांगायचे तर, फेरी पाच मिनिटांची असते, साध्या लढतीत तीन आणि विजेतेपदाच्या लढतीत पाच फेऱ्या होतात, आणि फेरी जिंकणाऱ्याला दहा व हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण मिळतात. नुसते वर बसून वेळ काढणाऱ्याला फारसे श्रेय मिळत नाही.

आता डब्ल्यूडब्ल्यूई. ‘नुरा कुस्ती’ हा आपल्याकडे शिवीइतकाच कडक शब्द आहे, आणि तो योग्यच आहे, कारण निकाली कुस्ती म्हणून जाहीर करून आतून निकाल आधीच ठरलेला असेल तर ती प्रेक्षकाची फसवणूक ठरते. व्यावसायिक कुस्तीला मात्र हा शब्द लावू नये. 1989 मध्ये त्या कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे मान्य केले. तेव्हापासून तरी निकाल आधी ठरलेला असतो हे गुपित राहिलेले नाही. मग पाहायचे काय? पडणाऱ्याकडे पाहावे. उचलला जाणारा गडी स्वतः उडी मारून उचलणाऱ्याला मदत करतो, हे आपल्या डोळ्यांना लगेच दिसते आणि हसू येते. पण पुढचा अर्धा सेकंद जरा बारकाईने पाहावा. तो हनुवटी छातीशी घट्ट आवळतो, डोके वर राखतो, आणि संपूर्ण पाठ एकाच वेळी सपाट टेकवून दोन्ही हातांनी जमिनीवर आपटतो, जेणेकरून धक्का मणक्याच्या एकाच जागी न बसता सर्वत्र पसरावा. रिंगणाखाली लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या आणि वर पातळ गादी असते, भुसभुशीत माती नव्हे. म्हणजे जी पाठ वाचवण्यासाठी आपला पैलवान जिवाचे रान करतो, तीच पाठ रोज रात्री मुद्दाम टेकवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे, अशी ही विद्या आहे.

तिथेही बहुतेक वेळा दोन्ही खांदे टेकल्यावरच निकाल लागतो, पण पंचाने तीन मोजेपर्यंत ते टेकलेले राहावे लागतात, आणि सारे नाट्य दोन व तीन यांच्या मधल्या पोकळीत रचलेले असते. चांगला जोडीदार अडीचला खांदा उचलतो, तेव्हा प्रेक्षकांना क्षणभर निकालाची खात्री वाटलेली असते. सुमार जोडीदार इतक्या वेळा उचलतो की मोजणीला अर्थच राहत नाही. माझी या खेळाविषयीची मुख्य तक्रार हीच आहे, बाहेरचा कोणीतरी मध्ये घुसून निकाल बिघडवतो ही दुसरी. आपला भारतीय खली 2007 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झाला त्याचा अभिमान मलाही वाटला, तरी त्याची उंची वगळता त्या लढतींत पुन्हा पाहावे असे मला काही सापडले नाही. कर्ट अँगलचे तसे नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेता हा मल्ल खऱ्या कुस्तीतील पकडी नाटकात इतक्या सफाईने आणायचा की, पट कुठे संपला आणि अभिनय कुठे सुरू झाला हे सांगणे कठीण जायचे.

सप्टेंबर 2023 पासून हे दोन्ही कार्यक्रम टीकेओ या एकाच कंपनीच्या मालकीचे आहेत, तेव्हा कोणता कार्यक्रम लावला आहे हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. अमेरिकेतील शनिवारच्या रात्रीच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, म्हणजे नेमक्या मिसळीच्या वेळेला. पहिल्या दोन-तीन वेळा समालोचनाचा आवाज बंद ठेवावा. समालोचक ठोशांवर ओरडतात आणि तेवढ्यात खालच्याचे पाय कुठे सरकले ते निसटून जाते. शेजारी एखादे जुने पैलवान बसले असतील तर त्यांना चपला दाराबाहेर काढून यायला सांगावे.