सेकंडहँड लॅपटॉपवर मूळचं विंडोज परत आणलं

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून भाचीसाठी जुना लॅपटॉप घेतला. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि वर कोंबलेलं विंडोज ११. टास्क मॅनेजर उघडला तर काही न करताही डिस्क १०० टक्क्यांवर! कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ कायमचं चिकटलेलं. दुकानदार म्हणे, प्रॉडक्ट की (विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड) वेगळी घ्यावी लागेल.

नाही लागत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपांत ही की मदरबोर्डवरच साठवलेली असते. याच्या पोटावर विंडोज १० चा स्टिकर होताच. दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल उतरवलं, त्याने विंडोज टाकण्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार केला. (त्यातलं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करा.) बूट मेन्यूसाठी (लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायला) माझ्याकडे एफ १२ चाललं, कंपनीगणिक बटण बदलतं. जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवली. सेटअपने की विचारलीच नाही, होम एडिशन आपसूक निवडली. वाय-फाय जोडताच अ‍ॅक्टिव्हेट.

वेग मात्र खरा वाढला तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क टाकल्यावर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, असं भाचीला बजावलंय.