ग्लिहाचा गडगा: रेघ ओढायची नाही, रचायची

आमच्या राजापूरकडे चुना-सिमेंट न लावता नुसते दगड एकावर एक रचून आवाराची भिंत घालतात, तिला गडगा म्हणतात. क्रोएशियाच्या क्रक बेटावर अशाच भिंतीला म्हणतात ग्रोमाचा. अनेक असल्या की ग्रोमाचे. ओतोन ग्लिहा (१९१४–१९९९) हा चित्रकार १९५४ पासून पुढची चार दशकं हे गडगेच रंगवत राहिला. जन्म त्याचा स्लोव्हेनियातला, पण सासुरवाडी क्रकची: बायको मिला कुम्बातोविच, स्वतः चित्रकार, बेटावरच्या ओमिशाल गावची. माझ्या रविवारच्या वर्गात मी मुलांकडून ग्लिहाच्या पद्धतीचा एक अभ्यास करून घेते. तो घरी कसा करायचा ते सांगते.

आधी हात रंगात घालू नका. मोबाईलवर नकाशा उघडा, उपग्रहाचं दृश्य लावा आणि क्रकच्या दक्षिण टोकाला, बाश्का गावाच्या वरच्या उघड्या पठारावर या. चुनखडीचा खडकाळ माळ, झाड नाही. ईशान्येकडून बुरा नावाचा वारा सुटतो तो समुद्राचं खारं पाणी उडवत येतो. रानातले दगड वेचायचे आणि त्यांचेच बांध घालायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. दगडांच्या फटींतून वारा निघून जातो, भिंत उभी राहते. शोधलंत तर फुलासारखे आकारही दिसतील. ते मर्गार, मेंढवाडे. सगळ्यांच्या मेंढ्या मधल्या भागात हाकायच्या आणि ज्याच्या त्याला एकेका पाकळीत वेगळ्या करायच्या. हे सगळं पेन्सिलीनं वहीत उतरवा, दहा मिनिटांत, खोडरबराशिवाय.

आता दुसरं चित्र शेजारी ठेवा: बाश्काचा शिलालेख. साधारण इ.स. ११०० चा, ग्लागोलितिक लिपीतला. झ्वोनिमिर राजानं संत लुसियाच्या मठाला जमीन दिल्याची त्यात नोंद आहे. आपल्याकडच्या शिलाहारांच्या दानलेखांच्या जातीचाच म्हणा ना. ग्लिहाला माळावरचे गडगे आणि ही अक्षरं एकाच हातची वाटली. म्हणून या लिपीतली चार-पाच अक्षरं दोनदा गिरवा. हात त्या वळणावर आला की मगच पुढे जा.

पाठीला हार्डबोर्ड घ्या, कॅनव्हास नको; जाड थर त्यावर तडकतो. ग्लिहा तैलरंगाचे जाड थर देई, पण ते वाळायला आठवडे लागतात आणि खिसाही रिकामा होतो. आम्ही वॉल पुट्टीत फेव्हिकॉल कालवतो, घट्ट श्रीखंडाइतकं. मेंदीच्या कोनानं रेघ काढायचा मोह होईल. करू नका, रेघ जिलेबीसारखी एकसारखी येते. पॅलेट नाइफनं (नसेल तर जुन्या बटर नाइफनं) एकेक ठिपका दाबत, आधीच्याला टेकवत पुढे सरका. आमचे आजोबा गडगा रचताना सांगायचे, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा बसला पाहिजे. तेच इथे.

आकाश ठेवू नका. क्षितिजाची रेघ आली की चित्र लगेच कॅलेंडरवरचं होतं.

सगळ्यात जास्त घोळ पुढे होतो. मुलं गडग्यांच्या रेघा काळ्या करतात आणि मधली शेतं फिकी. दहातली आठ चित्रं उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळ्यासारखी दिसतात, उरलेली दोन जिराफासारखी. मीही आधी हेच केलं होतं. मी क्रकला गेलेले नाही, चित्रं पाहिली ती छापील, आणि छपाईत रंगाची जाडी कळत नाही. भेग खाली जाते, गडगा वर येतो, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. म्हणून रेघ उंच आणि उजळ, शेत पातळ आणि गडद. पुट्टी दिवसभर वाळू द्या. मग सगळ्यावर पाणीदार तपकिरी-काळा पोस्टर कलर फिरवा आणि ओला असतानाच जुन्या बनियनच्या चिंधीनं वरवर पुसा. रंग खाचांत बसतो, माथे उघडे पडतात.

रंग कुठला? पहिल्या चित्राला मातकट, राखाडी ठेवा. ग्लिहानं पुढे भडक रंगही वापरले, पण तिकडे लगेच उडी मारू नका. लाल-निळ्यात रचना ढिली असली तरी लपून जाते आणि शिकणाऱ्याला आपली चूक दिसतच नाही.

झालं की बोर्ड संध्याकाळी खिडकीपाशी न्या आणि उजेड एका बाजूनं पडेल असा धरा. रेघांच्या सावल्या शेतांवर पडायला हव्यात. नाही पडल्या तर पुट्टी अजून कालवा.