वायरलेस रिसीव्हरमध्ये न्यूरल नेटवर्क बसवताय? या चुका टाळा

तुमच्या नेटवर्कचा चुकांचा आलेख (किती नॉइजला किती बिट चुकले) सिद्धान्ताच्या रेषेच्या खाली गेला, तर आनंद करू नका, कोड तपासा. कोडिंग (चुका दुरुस्त करणारे जादा बिट) नाही, चॅनेल (सिग्नलची हवेतली वाट) ठाऊक आहे, नॉइज निव्वळ गॉसियन (घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार विखुरलेला) आहे, तर गणिताने काढलेल्या मर्यादेला कोणतंही नेटवर्क हरवू शकत नाही. गडबड बहुधा नॉइजच्या हिशेबात सापडते. क्यूपीएसके या मॉड्युलेशन पद्धतीच्या एका सिंबॉलमध्ये (एका वेळी पाठवलेल्या सिग्नलच्या तुकड्यात) २ बिट असतात. बिटची ऊर्जा आणि सिंबॉलची ऊर्जा यांत गल्लत झाली की आलेख सुमारे ३ डेसिबल सरकतो. म्हणून अवघड चॅनेल घेण्याआधी ही सोपी परीक्षा घ्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळी: अख्खा रिसीव्हर नेटवर्कच्या हवाली करणं. एफएफटी (सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये फोडणारं गणित) काय करतं हे आपल्याला नेमकं माहीत आहे, ते पुन्हा शिकवण्यात डेटा का जाळायचा? मला व्हिटर्बीनेट या न्यूरल रिसीव्हरची रचना म्हणूनच आवडते. सर्वात संभाव्य सिंबॉलमालिका शोधणारा व्हिटर्बींचा १९६७ चा अल्गोरिदम तिथे जसाच्या तसा राहतो. ट्रेलिसही (चॅनेलच्या संभाव्य स्थितींची जाळी) तीच. आलेला सिग्नल कोणत्या स्थितीतून किती संभवतो, एवढाच चॅनेलवर अवलंबून असलेला तुकडा नेटवर्क शिकतं. तुमच्या रिसीव्हरच्या साखळीतही आधी विचारा, कोणत्या ठोकळ्याचं गणित प्रत्यक्षात लागू पडत नाही? नेटवर्क तिथेच बसवा.

तुलना कोणाशी करता तेही बघा. चॅनेल अंदाजात लीस्ट स्क्वेअर्स या साध्या पद्धतीला हरवणं सोपं असतं. नॉइज आणि चॅनेलची सांख्यिकी वापरणारी एलएमएमएसई पद्धत शेजारी ठेवा, मग खरं कळतं.

ट्रेनिंगमध्ये उत्तम आणि हार्डवेअरवर ढेपाळतं? एकाच चॅनेलचे सिंबॉल ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे वाटले गेलेत का ते पाहा. विभागणी सिंबॉलनुसार नको, चॅनेलनुसार हवी. १६-क्यूएएम या मॉड्युलेशनसाठी प्रत्येक सिंबॉल वेगळा नॉर्मलाइज केलात तर अ‍ॅम्प्लिट्यूडमधली माहितीच पुसली जाते. नॉइजची पातळी नेटवर्कला इनपुट म्हणून द्या.

१०⁻⁵ चा एरर रेट १ लाख बिटांवर मोजू नका, तिथे सरासरी एकच चूक येईल. निदान १ कोटी बिट पाठवा, म्हणजे शंभरेक चुका हाती लागतील.

आणि वेग. ३.५ गिगाहर्ट्झवर, ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत डॉप्लर (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) सुमारे ३२४ हर्ट्झ असतो. चॅनेल मिलिसेकंदभरात पालटतो. दर वेळी नव्याने ट्रेनिंग करायला तिथे सवडच नाही. पायलटवरून (आधीच ठाऊक असलेल्या सिंबॉलवरून) अंदाज काढणारं जुनं गणित साखळीत राहू द्या.