फोन केला म्हणजे पाठपुरावा झाला असं नाही: हार्ट फेल्युअरच्या पेशंटला फोन करताना या चुका टाळा

हृदयाचं पंपिंग कमी झालेला पेशंट डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांत पुन्हा भरती होतो. फाइल उघडावी तर आत फोनच्या तीन नोंदी असतात आणि तिन्हींत एकच वाक्य: ‘पेशंट बरा आहे.’ फोन करणाऱ्या नर्सने खोटं लिहिलेलं नसतं. तिने विचारलंच तसं होतं.

‘बरं आहे ना?’ असं विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे ‘बरं आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर असतं. पाय सुजून टम्म झाले असले तरी माणूस तेच म्हणतो. ‘दम लागतो का?’ हा प्रश्नही तितकाच कुचकामी, कारण दम लागायला लागला की माणूस चालणंच सोडतो. देवळात जाणं बंद होतं, मग अंगणात जाणंही बंद, आणि खाटेवर बसलेल्या माणसाला दम कुठून लागणार?

नेहमीचा प्रकार असा:

‘आजी, बरं आहे ना?’
‘हो गं बाई, बरं आहे.’
‘दम लागतो?’
‘नाही.’
‘गोळ्या घेताय ना?’
‘घेते की.’

चाळीस सेकंदांत फोन संपतो आणि यादीतलं पुढचं नाव येतं. त्याच आजींना असं विचारून पाहा:

‘आजी, काल रात्री उशा किती घेतल्या होत्या?’
‘उशा कसल्या, आडवं झालं की जीव घाबरतो. खुर्चीतच बसून होते.’

संपला विषय. या आजींना आज डॉक्टरांनी बघायलाच हवं.

म्हणून प्रश्न मोजता येईल असा असावा. उशा किती? गेल्या आठवड्यात कुठपर्यंत चालत होता, आज कुठपर्यंत? चपलेचा पट्टा रुततो का? नडगीवर अंगठा दाबून धरल्यावर खड्डा राहतो का? परकराची नाडी सैल करावी लागली का? दोन घासांत पोट भरतं का? शेवटचे दोन प्रश्न हमखास विसरले जातात. पाणी नुसतं पायात साचत नाही, पोटातही साचतं. आणि बोलताना कान उघडे ठेवा. वाक्य मधेच तुटत असेल तर उत्तर ‘बरं आहे’ असलं तरी ते बरं नाही.

वजन ‘घेता का’ विचारणं, ‘किती’ न विचारणं

अंगात एक लिटर पाणी साचलं की वजन साधारण एक किलोने वाढतं, आणि ते बहुधा सूज दिसण्याआधी वाढतं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

पण वजन नीट घेतलेलं असेल तरच त्याला अर्थ आहे. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा चटईवर किंवा गादीवर नको, सपाट फरशीवर हवा. रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायला सांगा. दुधाचा हिशेब तिथे लिहिलेला असतोच, वेगळी वही दोन दिवसांत हरवते. फोनवर मागच्या तीन दिवसांचे आकडे वाचून घ्या. ‘एकसष्टच आहे’ असं तीन दिवस तोंडपाठ उत्तर आलं तर काट्यावर कुणी उभंच राहिलेलं नाही असं समजा. आणि तुलना डिस्चार्जच्या दिवशीच्या वजनाशी करायची. ते कार्डावर लिहिलेलं नसेल तर पहिली चूक वॉर्डातच झाली.

धोका कळल्यावर काय करायचं हे न ठरवणं

आकडे गोळा करायची हौस सगळ्यांना असते, अलीकडे तर ती मशीनवरच सोपवतात. अमेरिकेत टेलि-एचएफ नावाचा मोठा अभ्यास झाला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला, 1,653 पेशंटचा. पेशंटने रोज फोन करायचा आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाला बटणं दाबून उत्तरं द्यायची. सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यू यांत काहीच फरक पडला नाही. ही सोय दिलेल्यांपैकी 14 टक्के पेशंटनी ती एकदाही वापरली नाही. उलट अर्जेंटिनातल्या डायल अभ्यासात (2005, 1,518 पेशंट) प्रशिक्षित नर्स स्वतः फोन करत होत्या, आणि हार्ट फेल्युअरसाठीच्या भरत्या 29 टक्क्यांनी घटल्या. देश वेगळे, पेशंट वेगळे, हे मान्य. तरी ‘सगळ्यांना एकदम मेसेज टाकून देऊ’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी वाचावेत.

पहिला फोन करण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्या. वजन इतकं वाढलं तर कुठल्या डॉक्टरांना, कुठल्या नंबरवर कळवायचं. ते भेटले नाहीत तर कुणाला. आणि लघवीच्या गोळीचा जादा डोस आधीच लिहून दिलेला आहे का, असल्यास किती दिवस. नर्सने आपल्या मनाने डोस बदलायचा नाही. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ओठ निळे पडणं किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काही असेल तर प्रश्नावली तिथेच थांबवा, 108 लावायला सांगा आणि गाडी येईपर्यंत घरच्यांच्या संपर्कात राहा.

लघवीची गोळी आणि एसटी

‘गोळ्या घेता का?’ याचं उत्तर ‘हो’च येतं. पण लग्नाला जायचं, चार तास एसटीत बसायचं, तर सकाळची फ्रुसेमाइड कोण घेईल? गोळी तासाभरात काम सुरू करते आणि सहा-एक तास लघवीला पळवते. लगीनसराईत तीन दिवस गोळी बुडते, वर पापड, लोणचं आणि मठ्ठा. ‘गोळी चुकवू नका’ असं दटावून काही होत नाही. गावाला पोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून पेशंटला सांगा. आणि पाकिटं हातात घ्यायला लावून उरलेल्या गोळ्या मोजून घ्या. त्यातच जुनी आणि नवी, नावं दोन पण औषध एकच, अशी जोडीही सापडते.

बाकीच्या, थोडक्यात

नंबर मुलाचा आणि पेशंट गावी: गोळ्या देणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा नंबर घ्या.

अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही. वॉर्डातूनच एक रिंग द्या आणि नंबर नावासकट सेव्ह करून घ्या.

गुडघेदुखीच्या गोळ्या विचारायच्या राहतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी साचतं.

सैंधवही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन (रक्तातलं पोटॅशियम वाढवणारी गोळी) चालू असेल तर ते धोक्याचं.

जुलाब-उलट्या सुरू असताना लघवीची गोळी तशीच चालू: त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

पहिला फोन आठवड्याने: दोन-तीन दिवसांतच व्हायला हवा, गोळ्यांचा गोंधळ तेव्हाच असतो.

शनिवारी दुपारी फोन: वजन वाढलेलं कळतं आणि ओपीडी थेट सोमवारी. फोन सकाळी साडेदहाच्या सुमारास करा. तोवर वजन झालेलं असतं आणि डॉक्टर जागेवर असतात.